काटेसाहेबांचा जोडचित्रपट

काटेसाहेबांचं आडनाव काटे नव्हतं. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी वजनमापे निरीक्षक म्हणून दुकानादुकानांतले तराजू तपासण्यात घालवली. तराजूचा काटा जरा कलला की त्यांची भुवई कलायची, म्हणून लोकांनी त्यांना हे नाव बहाल केलं. आधी ते पाठीमागे चालायचं, मग हळूहळू तोंडावर आलं, आणि निवृत्त होईतो दारावरची पाटी सोडली तर खरं आडनाव कुठे उरलंच नाही. त्यांना स्वतःला ते आवडायचं. काट्याला कुणाची भीड नसते, असं ते म्हणत. काटा टोचतोसुद्धा, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलंही असेल. पण सांगणारी त्यांची बायको असल्यामुळे वाक्य पुरं झालं नसेल.

तर झालं असं की इमारतीतलं एक कुटुंब घर बदलून गेलं आणि जाताना जुना प्रोजेक्टर सोसायटीला देऊन गेलं. नको असलेली वस्तू टाकून देणं माणसाच्या जिवावर येतं, पण दान करताना तो हात आखडता घेत नाही. तळमजल्यावरच्या हॉलमध्ये एका रविवारी चित्रपट दाखवायचा असं ठरलं आणि कुठला दाखवायचा यावर सभेत जुंपली. पहिल्या मजल्यावरच्या आजींना शेवटी सगळी माणसं जिवंत राहणारा हवा होता. व्यायामशिक्षकांना कुस्तीचा हवा होता. दातांचे डॉक्टर सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांचं म्हणणं एवढंच, की ज्यात दातांचा डॉक्टर खलनायक असतो तसला नको, आणि तसा नसलेला चित्रपट त्यांना आठवत नव्हता.

तेव्हा काटेसाहेब उठले.

"एक चित्रपट दाखवणं म्हणजे एका पारड्याचा तराजू," ते म्हणाले. "त्यात वजन कळत नाही. एकाच विषयावरचे दोन चित्रपट लागोपाठ दाखवा. एकाची मांडणी गंभीर, दुसऱ्याची हलकीफुलकी. नंतर चर्चा. माणूस विचार करत घरी गेला पाहिजे."

"दोन म्हणजे चहा दोनदा?" सेक्रेटरींनी विचारलं.

बाकी कुणाला काही कळलं नाही, आणि कळलं नाही असं म्हणायची कुणाची तयारी नव्हती. असा ठराव नेहमी एकमतानं मंजूर होतो.

काटेसाहेबांच्या मनात मात्र कलाप्रेमाखेरीज आणखी एक गोष्ट होती. ती गोष्ट म्हणजे वरच्या मजल्यावरचे कर्नल. कर्नल कधी सैन्यात नव्हते. साबणाच्या कारखान्यात माल चढवण्या-उतरवण्याची व्यवस्था बघायचे. पण आवाज असा, की त्यांनी बायकोला हाक मारली की समोरच्या इमारतीतून कुणीतरी 'ओ' द्यायचं. "पाणी!" "चष्मा!" "दार!" असे एकेक शब्द छतातून काटेसाहेबांच्या डोक्यावर पडत.

"बायकोशी असं बोलतात का?" ते आपल्या बायकोला विचारत. "त्या बाईनं दिवस कसे काढायचे?"

"ओरडतात खरे," बायको म्हणाली, "पण ती आजारी होती ना, तेव्हा परवा रात्री ते—"

"परवा नाही. तेरवा."

"तेरवा," बायको म्हणाली, आणि भाजी निवडायला लागली.

तर विषय ठरला : निवृत्त नवरा. दोन्ही चित्रपट काटेसाहेबांनी तरुणपणी पाहिलेले होते. पहिला एका निवृत्त न्यायाधीशाचा. तो घरात बायकोला इतका जाच करतो की ती बोलायचीच बंद होते. दुसरा एका निवृत्त बँडमास्तरचा, घर बँडसारखं चालवणाऱ्या आणि म्हणून फजिती होणाऱ्या. न्यायाधीश पाहून कर्नल शरमेनं मान खाली घालतील, बँडमास्तर पाहून स्वतःवरच हसतील, आणि चर्चेच्या वेळी काटेसाहेब कुणाचंही नाव न घेता त्यांच्याकडे नुसतं पाहतील. औषध कडू, मग वर गूळ.

"न्यायाधीश काय गरजतो!" ते बायकोला म्हणाले. "खिडकीच्या काचा हादरतात."

"तो ओरडत नव्हता हो. तो तर नुसता—"

"ओरडत होता."

"काचा त्या दुसऱ्या—"

"अगं, माझ्या डोक्यात दोन्ही चित्रपट जसेच्या तसे आहेत. मला परत बघायची गरज नाही."

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. तिनं एक उशीचा अभ्रा झटकला आणि काटेसाहेबांकडे अशा नजरेनं पाहिलं, की दुसरा कुणी असता तर तिथेच थांबून चौकशी केली असती.

मग परवानगी. जमलेल्या लोकांना चित्रपट दाखवायचा तर अर्ज करावा लागतो, असं सेक्रेटरींनी कुठूनसं शोधून काढलं. कार्यालयातल्या कारकुनानं अर्ज वाचला.

"चित्रपट दोन, मग अर्ज दोन."

"विषय एकच आहे."

"मग एकच दाखवा."

"मांडणी वेगळी आहे. एक बघून माणूस रडतो, दुसरा बघून हसतो."

"म्हणजे शेवटी होता तिथेच." कारकुनानं अर्ज परत सरकवला. "आणि हे काय लिहिलंय? कार्यक्रमाचा हेतू, 'आत्मपरीक्षण'? त्याचं खातं आमच्याकडे नाही. 'करमणूक' लिहा."

काटेसाहेबांना ते फार लागलं, पण त्यांनी 'करमणूक' लिहिलं. आपल्या सुंदर हेतूवर स्वतःच्या हातानं काट मारताना त्यांना वाटलं, मोठ्या कार्यात अपमान गिळावा लागतो. तेवढ्यात कारकुनानं त्यांचा पेशा वाचला आणि चष्मा वर केला.

"वजनमापे? बाजारात कोपऱ्यावरच्या दुकानाचा काटा तुम्हीच जप्त केला होता का?"

"केला असेन. दोषी असेल तर—"

"माझ्या सासऱ्यांचं दुकान ते."

त्यानंतर शिक्का मारणारे साहेब जेवायला गेले, मग सुट्टीवर गेले, मग शिक्क्याची शाई वाळली. काटेसाहेबांनी इतके हेलपाटे घातले की बाहेरचा पहारेकरी त्यांना खात्याचाच माणूस समजून उठून उभा राहायला लागला. अखेरीस शिक्का बसला. उलटा बसला, पण बसला.

रविवार उजाडला. पडदा म्हणून काटेसाहेबांच्या घरची पांढरी चादर बांधली होती. पंखा लावला की चादर फुगायची आणि पडद्यावरच्या माणसाला गालगुंड झाल्यासारखं दिसायचं, म्हणून पंखे बंद. प्रोजेक्टर चालवायला पलीकडच्या गल्लीतला इलेक्ट्रिशियन आला होता. काटेसाहेबांनी कर्नलना हाताला धरून पहिल्या रांगेत मधोमध बसवलं.

"इथून चांगलं दिसेल," ते अर्थपूर्ण स्वरात म्हणाले.

"तुम्ही माणूस फार चांगले, काटेसाहेब!" कर्नल गरजले.

स्वतः काटेसाहेब बाजूला भिंतीला टेकून उभे राहिले. तिथून पडदा नीट दिसत नव्हता, पण कर्नलचा चेहरा दिसत होता.

चित्रपट सुरू झाला. न्यायाधीश पडद्यावर आला. बारीक अंगाचा, चष्मा लावलेला, सभ्य माणूस. काटेसाहेब त्याच्या गरजण्याची वाट पाहत होते. तो खुर्चीत बसला, वर्तमानपत्र उघडलं. बायको चहा घेऊन आली आणि म्हणाली, "काल संध्याकाळी पाऊस आला, तेव्हा मी—"

"संध्याकाळी नाही," न्यायाधीश शांतपणे म्हणाला. "दुपारी."

हॉलमध्ये कुणीतरी खाकरलं.

पुढच्या प्रसंगात ती बाजारातून आली. न्यायाधीश म्हणाला, पाऊण तास नाही, चाळीस मिनिटं. त्याच्या पुढच्यात त्यानं तिची भाची कितव्या वर्गात आहे ते दुरुस्त केलं. आवाज चढवला नाही. काचा जागच्या जागी होत्या. आणि एकेक करून माना वळायला लागल्या. आधी आजींची, मग व्यायामशिक्षकांची, मग एक पूर्ण रांग. कुणी कर्नलकडे पाहत नव्हतं. सगळे भिंतीकडे पाहत होते, आणि भिंतीशी काटेसाहेबांशिवाय कुणी नव्हतं.

आधी त्यांना कळलंच नाही. आपल्या शर्टाला काही लागलंय का, म्हणून त्यांनी खाली पाहिलं. तेवढ्यात पडद्यावर घरी पाहुणे आले. न्यायाधीशाची बायको लहानपणच्या नदीची आठवण सांगायला लागली. तिचा चेहरा असा उजळला होता की आजी खुर्चीत पुढे सरकून बसल्या. न्यायाधीशानं मधेच नदीची रुंदी दुरुस्त केली. ती "तुम्हीच सांगा," म्हणाली आणि उठून आत गेली.

आणि बायकांच्या रांगेतून काटेसाहेबांची बायको हसली.

ते हसू काटेसाहेबांच्या ओळखीचं होतं. पण फार जुन्या ओळखीचं. ती तोंडावर रुमाल धरून, खांदे गदगदा हलवत हसत होती. शेजारच्या कर्नलीणबाईंना त्याची लागण झाली, त्यांच्याकडून रांगेला, रांगेकडून हॉलला. त्या काळी लोक ज्या चित्रपटाला रडत बाहेर पडले होते, त्याला ती सगळी मंडळी डोळे पुसून पुसून हसत होती.

काटेसाहेबांचे कान तापले. मग मान, मग सगळं अंग. बायकोचं कुठलं कुठलं वाक्य आपण मधेच तोडलं ते त्यांना आठवेना, आणि तेच जास्त वाईट होतं. कारण तिथे बसलेल्या प्रत्येकाला एकेक तरी आठवत होतं, हे चेहऱ्यांवर दिसत होतं. वीज जावी म्हणून त्यांनी मनोमन धावा केला. एरवी उठताबसता जाणारी वीज त्या दिवशी खांब रोवल्यासारखी राहिली. ते हळूच मागे इलेक्ट्रिशियनजवळ गेले.

"बंद करा. यंत्र तापलं असेल."

"यंत्राला काही झालं नाही," तो पडद्यावरची नजर न काढता म्हणाला. "थांबा हो, रंगात आलाय. माझ्या बायकोला फोन करून बोलावू का?"

दुसऱ्या चित्रपटात बँडमास्तर गरजला. काचा हादरल्या. काटेसाहेबांच्या डोक्यात जसेच्या तसे असलेले दोन्ही नवरे एकमेकांच्या घरात जाऊन बसले होते. बँडमास्तर दूधवाल्यावर ओरडे, मांजरावर ओरडे, भिंतीवरच्या घड्याळावर ओरडे. पण बायको बोलायला लागली की हातातली काठी खाली ठेवून, बँड ऐकावा तसा ऐकत बसे. दर वेळी ती काठी खाली आली की बायकांच्या रांगेतून नाक ओढल्याचा आवाज येई. हसवणाऱ्या चित्रपटाला त्या रडत होत्या. कर्नल मात्र मांडीवर थाप मारमारून हसत होते. "हा तर हुबेहूब आमचा थोरला भाऊ!" ते ओरडले.

दिवे लागले. आता चर्चा. काटेसाहेबांनी भाषण पाठ केलेलं होतं, आणि दुसरं कुठलं येत नव्हतं. पाय ओढत ते माइकपाशी गेले.

"मित्रहो," ते म्हणाले, "असा माणूस आपल्या अवतीभवतीच असतो. रोज जिन्यात भेटतो."

हशा.

"त्याला स्वतःला मात्र त्याचा पत्ता नसतो."

टाळ्या. आजींनी बोटं मोडून त्यांची दृष्ट काढल्यासारखं केलं. भाषण कर्नलसाठी शिवलेलं होतं आणि ते काटेसाहेबांना अगदी अंगाबरोबर बसत होतं. ते थांबले तेव्हा कर्नल उठले आणि त्यांनी काटेसाहेबांना कडकडून मिठी मारली.

"स्वतःचं वागणं असं चारचौघांत मांडायचं! छाती लागते त्याला! मला नसतं जमलं बुवा!"

"तसं नाही, मी खरं तर—"

"विनय बघा," सेक्रेटरी म्हणाले. "आता वहिनींनी दोन शब्द बोलावेत."

बायको नको नको म्हणत होती. बायकांनी तिला जवळजवळ ढकलत पुढे आणलं. तिनं दोन्ही हातांनी माइक धरला, घसा साफ केला आणि पडदा झालेल्या आपल्या चादरीकडे एकदा पाहिलं.

"हे दोन्ही चित्रपट," ती म्हणाली, "आम्ही लग्नाच्या दुसऱ्या वर्षी बघितले होते. तेव्हा—"

सगळ्यांच्या नजरा काटेसाहेबांवर. ते तिच्या शेजारीच उभे होते. दुसऱ्या नव्हे, तिसऱ्या वर्षी. त्यांना पक्कं ठाऊक होतं, कारण दुसऱ्या वर्षी त्यांची बदली दुसरीकडे होती. त्यांनी दात आवळले. बोलायचं नाही. काही झालं तरी बोलायचं नाही. आयुष्यात एवढं वजन त्यांनी कधी पेललं नव्हतं.

"तिसऱ्या," ते म्हणाले.

माइक जवळच होता. शब्द हॉलच्या चारही भिंतींना आपटून परत आला. आधी कुणीच हसलं नाही. मग जे हसले ते असे हसले, की खुर्च्या सरकल्या.

बायकोनं त्यांच्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

"तिसऱ्या," ती माइकमध्ये म्हणाली, आणि माइक त्यांच्या हातात दिला. "तुम्हीच सांगा."

ती जाऊन जागेवर बसली. आता कुणी हसत नव्हतं. कर्नलसुद्धा चपलेकडे पाहत होते.

त्यानंतर काटेसाहेब घराबाहेर पडेनात. दूध आणायला जायचं तर आधी दाराच्या भिंगातून जिना रिकामा आहे का बघत. खरं दुःख हे की लोक त्यांना हिणवत नव्हते. लोक त्यांचा आदर करत होते. सेक्रेटरींनी सूचनाफलकावर 'प्रांजळ आणि धाडसी कार्यक्रमाबद्दल' त्यांचं अभिनंदन लावलं. मुलीचा फोन आला. "बाबा, तुम्ही म्हणे सगळ्यांसमोर आईची माफी मागितलीत! मला रडूच आलं." मागितली नाही, हे सांगायला त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. केलेल्या पापाची लाज माणूस कशीबशी निभावून नेतो. न केलेल्या पुण्याचा सत्कार फार जड जातो.

घरात बायको नेहमीसारखी वागत होती. तेच त्यांना सोसवेना.

"त्या दिवशी तू पुढे काय सांगणार होतीस?" त्यांनी एकदा धीर करून विचारलं.

ती आठवायला लागली. खरोखरच आठवत होती. "विसरले," ती म्हणाली.

तो शब्द त्यांना दिवसभर पुरला. संध्याकाळी त्यांनी पुन्हा विचारलं, "आणि ते कर्नलचं? ती आजारी होती तेव्हाचं?"

"ते होय. ताप उतरेपर्यंत ते तिच्या उशाशी बसून होते. तिला झोप लागावी म्हणून तिच्या माहेरच्या गोष्टी तिलाच सांगत होते. कुजबुजत."

"कर्नलना कुजबुजता येतं?"

"मी कालवलेला भात घेऊन गेले होते ना वर, तेव्हा पाहिलं."

काटेसाहेबांनी छताकडे पाहिलं. "पाणी!" वरून आवाज आला. आज तो त्यांना तितकासा टोचला नाही. स्वतःचाच आवाज जास्त टोचत होता, जो कधी छतापर्यंत पोचलाच नव्हता.

एका दुपारी बायको बाहेर जायच्या कपड्यांत समोर उभी राहिली.

"मी आणि कर्नलीणबाई चित्रपटाला चाललोय. थेटरात."

"मी येतो की."

"नको," ती म्हणाली. "आल्यावर सांगेन तुम्हाला."

ती गेली. काटेसाहेबांनी घरातल्या खुर्च्या एका रेषेत लावल्या, मग परत होत्या तशा लावल्या. चहा करायला गेले. साखरेचा डबा सापडायला इतका वेळ लागला की पाणी आटून गेलं. किल्लीचा आवाज आला तेव्हा ते पाहुण्यासारखे सावरून बसले.

बायको पर्ससकट समोर बसली.

"एक घड्याळजी असतो," ती म्हणाली. "त्याची बहीण त्याच्याशी बोलत नाही. मग तो बोटीनं जातो. नाही, बोट नंतर. आधी भांडण, मग बोट. निळी बोट. का हिरवी होती? असू दे कुठलीही."

तिनं सवयीनं क्षणभर थांबून त्यांच्याकडे पाहिलं. काटेसाहेबांकडे दुरुस्त करण्याजोगं काही नव्हतं. त्यांनी तो चित्रपट पाहिलाच नव्हता. बोट निळी की हिरवी, भांडण आधी की नंतर, सगळं फक्त तिच्याजवळ होतं.

"मग?" ते म्हणाले.

तिच्या भुवया वर गेल्या. मग ती सांगायला लागली. घड्याळजी आजारी पडला, दोनदा पडला, बहिणीनं पत्र पाठवलं, एका कुत्र्यानं ते पळवलं. मधेच ती उठून कुत्रा कसा लंगडत होता ते करून दाखवायला लागली. हे सगळं एका चित्रपटात मावणं शक्य नाही, यातलं निम्मं ती आत्ता रचतेय, अशी शंका काटेसाहेबांना आली. ते मांडीखाली हात दाबून बसले. "मग?" ते अधूनमधून म्हणत राहिले. पोळ्या राहिल्या, दिवे लावायचे राहिले. शेवटी घड्याळजी बरा झाला, बहीण दारात आली, आणि बायको खुर्चीत मागे टेकली. तिचा चेहरा लाल झाला होता.

दुसऱ्या दिवशी काटेसाहेब दाराच्या भिंगातून न बघता जिन्यात उतरले. खाली कर्नल भेटले.

"काय तो चित्रपट म्हणे!" कर्नल गरजले. "आमच्या हिनं रात्री सगळा सांगितला. शेवटी तो घड्याळजी मरतो, आणि बहीण येते ती उशिरा. फार रडली ही."

"मरत नाही," काटेसाहेब म्हणाले. "बरा होतो."

"अहो, मरतो!"

"बरा होतो."

"चला, एवढं आहे तर उद्या आपण दोघं जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघू. काय खरं ते कळेल!"

जन्मभर दुकानदारांना काटेसाहेबांनी हेच सांगितलं होतं : तोंडी नको, चला, तपासून बघू. त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"नको," ते म्हणाले. "आमच्या हिनं पाहिलाय."

आणि ते दूध आणायला गेले.